ग्लुटेन : घरगुती पावातील कार्य आणि पर्याय

गव्हाच्या पिठात पाणी घालून ते मळले की त्यात प्रथिनांचे एक चिवट, ताणले जाणारे जाळे तयार होते. त्याला ग्लुटेन म्हणतात. कोरड्या पिठात हे जाळे नसते. तिथे ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रकारची प्रथिने सुटी पडलेली असतात. पाणी मिळाल्यावर ती फुगतात, एकमेकांत गुंततात आणि गंधकाच्या बंधांनी जोडली जातात. ग्लायडिनमुळे कणीक पसरते, ग्लुटेनिनमुळे ती ताण सोडताच मागे येते. घरी पाव करणाऱ्यांना कधी कमजोर पिठात ग्लुटेन वाढवायचे असते, तर कधी ते पूर्ण टाळायचे असते. दोन्ही वेळा विचारला जाणारा प्रश्न मात्र सारखाच असतो : काय घालू आणि किती? हा प्रश्न अपुरा आहे, कारण पावात ग्लुटेनची कामे तीन आहेत. यीस्टने सोडलेला वायू ते अडवून धरते, फुगणाऱ्या बुडबुड्याबरोबर न फाटता ताणले जाते, आणि भाजून झाल्यावर पावाच्या कापाला एकसंध ठेवते. या तिन्ही कामांना पुरे पडेल असा एकच पदार्थ नाही. म्हणून पर्याय शोधताना आधी काम ओळखावे लागते आणि पदार्थ त्यानंतर ठरतो.

ग्लुटेन वेगळे काढण्याचे श्रेय इटलीतील बोलोन्याचे विद्वान याकोपो बार्तोलोमेओ बेक्कारी यांना दिले जाते. कणकेचा गोळा पाण्याखाली धुतला की पिष्ट वाहून जाते आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो, हे त्यांनी १७२८ मध्ये मांडले. ते प्रसिद्ध झाले १७४५ मध्ये. महाराष्ट्रातल्या घरांत उन्हाळ्यात कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढतात, तेव्हा हेच विभाजन उलट्या हेतूने होते. भिजवून वाटलेल्या गव्हातून पांढरे पिष्ट खाली बसवून घेतात आणि कोंड्यासह तारदार चोथा बाजूला टाकतात. त्या चोथ्यातल्या तारा म्हणजे ग्लुटेन. कोणत्याही मैद्याची ताकद घरी पाहायची तर १०० ग्रॅम पिठाची घट्ट कणीक अर्धा तास मुरवून वाहत्या पाण्यात धुवावी. साधारण २५ ते ३० ग्रॅम ओला गोळा हाती येतो आणि त्यात दोन तृतीयांश पाणीच असते. पाकिटावरच्या आकड्यापेक्षा ही परीक्षा अधिक विश्वासाची आहे, कारण गोळ्याच्या वजनाबरोबर त्याचा चिवटपणाही बोटांना कळतो.

पाकिटावरचा प्रथिनांचा आकडा फसवा का ठरतो, हे कणकेच्या, म्हणजे संपूर्ण गव्हाच्या पिठाच्या उदाहरणावरून समजते. मैद्यापेक्षा त्यात प्रथिने बहुधा जास्तच असतात, तरी पाव मात्र दडस होतो. याचे एक कारण असे की त्यातला काही भाग कोंडा व अंकुर यांतल्या प्रथिनांचा असतो आणि ती जाळे विणत नाहीत. दुसरे कारण म्हणजे कोंड्याचे कण वायूभोवतीच्या पातळ पडद्यांना जागोजागी छेद देतात. तिसरे कारण आपल्या दळणातच आहे. चक्कीच्या दगडांत पिष्टाचे कण मोठ्या प्रमाणावर फुटतात. फुटलेले पिष्ट पाणी खूप शोषते आणि विकरांना सहज बळी पडून साखर सोडते. चपातीसाठी हे गुण हवेसे असतात, तिचा मऊपणा त्यांतूनच येतो. फुगणाऱ्या पावाला तीच कणीक ओलसर, चिकट आणि ढिली पडते. तेव्हा दोष गव्हाचा आहे असे म्हणता येत नाही. ते पीठ वेगळ्या कामासाठी दळलेले असते, इतकेच.

अशा पिठात बाजारात मिळणारी ग्लुटेन पावडर घालणे हा सर्वांत सरळ उपाय. तिच्यात सुमारे ७५ टक्के प्रथिने असतात. ११ टक्के प्रथिनांच्या ५०० ग्रॅम पिठात १० ग्रॅम पावडर घातली तर प्रमाण १२ टक्क्यांच्या थोडे वर जाते, आणि घरच्या पावाला तेवढे पुरते. जास्त घातल्यास पाव उंच होतो, पण चावताना चिवट लागतो. पावडर कोरड्या पिठातच मिसळावी, नाहीतर पाण्यात तिच्या गाठी होतात. आणि तिच्या वजनाहून थोडे अधिक पाणी जादा घालावे. तरीही पावडरीकडे वळण्यापूर्वी पाणी आणि वेळ यांचा उपयोग करून पाहावा असे मला ठामपणे वाटते. फ्रेंच पावतज्ज्ञ रेमों काल्व्हेल यांनी १९७० च्या दशकात मांडलेली रीत अगदी साधी आहे : पीठ आणि पाणी कालवून २० ते ३० मिनिटे झाकून ठेवायचे आणि मीठ नंतर घालायचे. तेवढ्या वेळात प्रथिने भिजतात आणि मळण्याचे निम्मे श्रम वाचतात. न्यूयॉर्कचे जिम लेही यांची न मळता करायची पद्धत नोव्हेंबर २००६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समधून जगभर पोचली. तिच्यात सैल कणीक अगदी थोड्या यीस्टवर १२ ते १८ तास ठेवतात. जाळे आपोआप विणले जाते, हाताने फक्त घड्या घालायच्या असतात. कणकेतून कोंडा चाळून काढून तो गरम पाण्यात भिजवायचा आणि पीठ मळून झाल्यावर त्यात मिसळायचा, ही युक्तीही तितकीच गुणकारी आहे, कारण भिजलेल्या कोंड्याची धार कमी होते. मीठ पिठाच्या २ टक्क्यांच्या आसपास असले की जाळे घट्ट होते. तूप किंवा लोणी जास्त घालायचे असेल तर ते मळणीच्या शेवटी घालावे. आधी घातलेली चरबी प्रथिनांना पाण्यापासून दूर ठेवते.

खपली गव्हाबद्दल एक गैरसमज महाराष्ट्रात बराच पसरला आहे, त्याची नोंद इथे आवश्यक आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात पिकणारा हा प्राचीन गहू पचायला हलका म्हणून विकला जातो, आणि त्यात ग्लुटेन नसते असेही सर्रास सांगितले जाते. त्यात ग्लुटेन असते. पावाच्या गव्हात असलेला गुणसूत्रांचा एक संच खपलीत नसल्याने तिचे जाळे कमजोर असते आणि पाव कमी फुगतो. जाळे कमजोर असणे आणि ग्लुटेन नसणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. ज्याला ग्लुटेन वर्ज्य आहे त्याला खपली, जव आणि राय हे तिन्ही वर्ज्यच.

आता ग्लुटेनशिवायच्या वाटेकडे वळू. पाव म्हणजे ग्लुटेन, असे समीकरण बहुतेक पाककृती गृहीत धरतात. अन्नाचा इतिहास मात्र त्याला दुजोरा देत नाही. जर्मनी आणि फिनलंडमध्ये खाल्ली जाणारी रायची पावरोटी पहा. रायमध्ये ग्लुटेनच्या जातकुळीची प्रथिने असली तरी ती गव्हासारखे जाळे विणत नाहीत. रायची कणीक उभी राहते ती पेंटोसन या पाणी धरणाऱ्या चिकट शर्करांवर. आंबट विरजण तिथे चवीपुरते नसते. आम्लामुळे पिष्ट तोडणारी विकरे आवरली जातात, नाहीतर पावाचा गाभा गिजका राहतो. दुसरा पुरावा दक्षिण भारतातला. इडलीच्या पिठात गहू नसतो, तरी ते रात्रीत फुगून वर येते. ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस हा जीवाणू त्यात वायू सोडतो, आणि उडदातली प्रथिने व अरॅबिनोगॅलॅक्टन ही चिकट शर्करा मिळून तो फेसासारखा अडवून ठेवतात. तिसरा पुरावा तर मराठी स्वयंपाकघरातला. ज्वारीतले कॅफिरिन हे प्रथिन घट्ट कणांत बंदिस्त असते आणि पाण्यात मळले तरी जाळे करत नाही. म्हणून जुन्या पिठाची विरी गेली की भाकरी थापताना तुटते आणि त्यावर उपाय म्हणून आधणाचे पाणी घालतात. उकळत्या पाण्याने पिष्टाचे काही कण फुगून खळ तयार होते आणि ती पीठ बांधून ठेवते. तांदळाच्या पिठाची उकड काढणे हेही तेच काम. रायमध्ये पाणी धरणारी शर्करा, इडलीत फेस टिकवणारे प्रथिन, भाकरीत शिजलेले पिष्ट : ग्लुटेनची कामे अशी निरनिराळ्या साधनांत वाटून देता येतात, हे या तीन उदाहरणांवरून दिसते.

घरगुती पावासाठी या साधनांतले सर्वांत उपयुक्त मला इसबगोलाचे साल वाटते. ते गुजरात-राजस्थानात पिकते, औषधाच्या दुकानात मिळते आणि पाण्यात पडताच दाट, लवचिक जेल होते. वायू अडवणे आणि ताणले जाणे ही दोन्ही कामे ते बऱ्याच अंशी करते. त्याच्यामुळे कणीक हातात धरून वळता येते, जे बाकीच्या डिंकांनी साधत नाही. ४०० ग्रॅम पिठाला सुमारे २० ग्रॅम साल लागते, आणि पाणी पिठाइतकेच किंवा थोडे जास्त, म्हणजे ४०० ते ४४० ग्रॅम. मैद्याला ६० ते ६५ टक्के पाणी घालायची सवय असलेल्याला हे मिश्रण बिघडले असे वाटेल, पण सालाला आणि पिष्टाला तेवढे पाणी हवेच. साल आधी पाण्यात पाच-दहा मिनिटे भिजवावे, मगच पिठात घालावे. पिठात ज्वारी किंवा तांदूळ साधारण दोन भाग आणि टॅपिओका किंवा बटाट्याचे पिष्ट एक भाग ठेवले तर गाभा भुसभुशीत न राहता एकसंध होतो. ज्वारीचा पाचवा हिस्सा आधणात शिजवून घेतला तर आणखी चांगले; भाकरीची विद्या पावात अशी नेमकी उपयोगी पडते.

झँथन गम हा दुसरा पर्याय. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेत अ‍ॅलीन जीन्स यांच्या संशोधनातून तो पुढे आला. एका जीवाणूकडून साखर आंबवून तो मिळवतात. पिठाच्या १ टक्क्याच्या आसपास तो पुरतो आणि वायू धरतो, पण ताणले जाण्याचा गुण त्यात नाही. म्हणून झँथनचे मिश्रण पातळ करून साच्यातच ओतावे लागते. गवारीच्या बियांपासून होणारा ग्वार गम स्वस्त आहे आणि त्याचा वापर झँथनसारखाच. हायड्रॉक्सिप्रोपिल मिथिलसेल्युलोज तापल्यावर घट्ट आणि थंड झाल्यावर पुन्हा सैल होतो. भट्टीत वायू झपाट्याने प्रसरण पावतो त्याच क्षणी तो आधार देतो. अंडे तिसरे काम उत्तम करते. त्याचे प्रथिन उष्णतेने गोठते आणि काप तुटत नाही. जो पाव छान फुगला पण सुरी लावताच ढासळला, त्यात जादा डिंक घालून उपयोग नाही, अंडे हवे. जो मुळात फुगलाच नाही, त्यात अंडे घालून उपयोग नाही, पाणी धरणारे काही हवे. ग्लुटेनशिवायचा पाव एकदाच फुगवतात, कारण पुन्हा मळून परत आणावे असे जाळे त्यात नसते. तांदूळ-ज्वारीचे पिष्ट गव्हापेक्षा बऱ्याच जास्त तापमानाला, सुमारे ७० अंशांच्या पुढे शिजत असल्याने गाभा ९६-९७ अंशांपर्यंत तापला पाहिजे, आणि पूर्ण निवल्याशिवाय पाव कापू नये.

या सगळ्यावर एक आक्षेप असा घेतला जातो की डिंक आणि जेल म्हणजे रसायने आहेत, घरच्या पावात ती कशाला? इसबगोल, उडीद आणि आधण यांना हा आक्षेप लागू होत नाही. शिवाय नुसत्या तांदळाचाही पाव होऊ शकतो. जपानच्या हिरोशिमा विद्यापीठातील व राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेतील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले की पिष्ट फारसे न फुटलेले तांदळाचे पीठ घेतले तर पिष्टाचे कणच बुडबुड्यांभोवती थर धरून फेस टिकवतात. पण असे पीठ ओल्या दळणाने, काळजीपूर्वक करावे लागते आणि गिरणीच्या कोरड्या दळणातून ते मिळत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : असा पाव लादीपावासारखा किंवा गोव्याच्या पोईसारखा कधीच होत नाही, मग हा खटाटोप कशासाठी? पहिला भाग खराच आहे, आणि तो आधीच मान्य केला तर निराशा टळते. बोटांनी ओढताच तारा सुटणारा पाव ग्लुटेनशिवाय होत नाही. ज्वारीचा पाव त्या मापाने न मोजता स्वतःच्या चवीने मोजावा; डब्यात नेता येणारी, लोणी लावता येणारी पावाची चकती म्हणून तो पूर्ण समाधानकारक होतो. तो लवकर शिळा होतो आणि फ्रिजमध्ये तर अधिकच लवकर, म्हणून काप करून थेट फ्रीजरमध्ये ठेवावेत.

ग्लुटेन सर्वांनीच टाळावे, या मताला आधार नाही. ग्लुटेनरहित पावात पिष्टाचे प्रमाण बहुधा जास्त आणि प्रथिने कमी असतात. ज्यांना सीलिअ‍ॅक रोग आहे त्यांच्यासाठी मात्र हा पथ्याचा प्रश्न आहे आणि तिथे सवलत नाही. डच बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून केलेल्या निरीक्षणांतून गव्हाचा आणि या रोगाचा संबंध दाखवला आणि १९५० च्या प्रबंधात तो मांडला. ग्लुटेनरहित म्हणवणाऱ्या अन्नात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन नसावे, अशी आंतरराष्ट्रीय आणि भारतीय मर्यादा आहे. गव्हाच्या पाठोपाठ त्याच गिरणीत दळलेली ज्वारी ही मर्यादा सहज ओलांडते. तेव्हा रुग्णासाठी दळण वेगळ्या घरघंटीवर करावे. परात, चाळण आणि पावाचा साचाही वेगळा ठेवावा. आणि ज्यांना या रोगाची नुसती शंका आहे त्यांनी रक्ततपासणी होईपर्यंत गहू सोडू नये, कारण आहारातून ग्लुटेन गेल्यावर ही तपासणी रोग असूनही नकारात्मक येऊ शकते.