बाळंतिणीचा ताप आणि डॉक्टरांचे हात

सिझेरियन होऊन घरी आलेल्या बाळंतिणीला आठव्या दिवशी ताप येतो आणि घरचे म्हणतात, "दूध भरल्यामुळे असेल, उतरेल." माहीमच्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य मी अजूनही ऐकतो. या तापाचा इतिहास माहीत असेल, तर तुम्ही असे थांबणार नाही.

एके काळी युरोपात घरापेक्षा इस्पितळातले बाळंतपण जास्त धोक्याचे होते. व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात दोन प्रसूती विभाग होते. १८४६ मध्ये सुइणींच्या विभागात शंभरातल्या सुमारे तीन माता दगावल्या, तर डॉक्टर आणि विद्यार्थ्यांच्या विभागात अकरा. असे का? डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांच्या लक्षात आले की, डॉक्टर शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतिणींना तपासत होते. १८४७ मध्ये त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. १८४८ मध्ये मृत्यूचे प्रमाण सव्वा टक्क्यावर आले. तरीही अनेक डॉक्टरांनी ते मानले नाही. आजार आपल्याच हातांनी पसरतो, हे पचवणे सोपे नव्हते.

आता आपल्या परळला या. वाडिया प्रसूतिगृह १९२६ मध्ये सुरू झाले. सूतिकाज्वरावर सल्फा औषधांचा गुण लंडनमध्ये दिसला तो १९३६ मध्ये. पेनिसिलिन त्याच्याही नंतरचे. म्हणजे गिरणगावातल्या त्या पहिल्या बाळंतिणींना जंतूंपासून वाचवायला होते ते मुख्यतः स्वच्छ हात आणि निर्जंतुक उपकरणे.

आज अँटिबायोटिक्स आहेत, पण त्यांना दाद न देणारे जंतूही आहेत. म्हणून हातांचे महत्त्व तसूभरही कमी झालेले नाही.

सिझेरियन किंवा गर्भपिशवी काढण्याची शस्त्रक्रिया झाल्यावर तीस दिवसांपर्यंत जखमेत संसर्ग दिसू शकतो. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप, टाक्यांजवळ लाली, पू किंवा पाणी, दुर्गंधीयुक्त स्राव, वाढती पोटदुखी यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धाप, ग्लानी किंवा बरळणे असेल, तर थेट इस्पितळ गाठा. घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी देऊ नका.

आणि तपासायला आलेल्या डॉक्टरांना जरूर विचारा, "हात धुतलेत ना?" मलाही विचारा. मला राग येणार नाही.