डॅशबोर्डमधला कोनाडा

आजच्या व्याख्यानाची पत्रिका छापायला जाण्याआधी संयोजकांचा फोन आला होता. "सर, विषय 'गाडीतला टेप' असाच छापायचा ना?" आम्ही म्हटलं, असाच छापा. पस्तीस वर्षं कांट शिकवला, एक संध्याकाळ टेपला द्यायला हरकत नाही. (हशा)

निमित्त घरचंच आहे. आमच्याकडे 1998 सालची मारुती 800 आहे. अजून चालते, कारण तिच्याकडून आम्ही फार अपेक्षा ठेवत नाही आणि ती आमच्याकडून ठेवत नाही. गेल्या वर्षी तिचा टेप बंद पडला. कॅसेट आत जायची, दिवा लागायचा, पण चाकं फिरायची नाहीत. ग्लोव्ह बॉक्समध्ये चौदा कॅसेट होत्या. तेरा बाजारात मिळणाऱ्या. चौदावी आमच्या धाकट्या भावानं 1987 साली घरी भरलेली, आईच्या जात्यावरच्या ओव्यांची. जातं तोवर माळ्यावर गेलं होतं, त्यामुळे ओव्या तिनं स्वयंपाकघरात पाटावर बसून म्हटल्या, आणि मधेच "दूध बघ रे" असंही म्हटलं. घरातले बाकीचे टेपरेकॉर्डर केव्हाच भंगारात गेले होते. ही कॅसेट वाजवणारी एकच जागा उरली होती, ती म्हणजे गाडी.

तेव्हा जुन्या गाडीला परवडेल असा कोणता टेप घ्यावा, हा प्रश्न आमच्यासाठी निव्वळ खरेदीचा राहिला नाही. आणि सवय वाईट असते. प्रश्न पडला की आम्ही त्याच्या मागे मागे शंभर वर्षं जातो.

तर 1930 साल. अमेरिकेत मंदी सुरू झालेली. शिकागोत पॉल गॅल्व्हिन यांची छोटी कंपनी होती, 1928 साली काढलेली. घरचे रेडिओ विजेवर चालवण्याचं एक उपकरण ती करायची, आणि त्याची गरज संपत चालली होती. गॅल्व्हिननी गाडीत बसेल असा रेडिओ करायला घेतला. 1930 च्या जूनमध्ये अटलांटिक सिटीला रेडिओवाल्यांचं संमेलन होतं, तिथे ते स्वतःच्या गाडीत रेडिओ बसवून गेले. मोटार आणि त्या काळच्या व्हिक्ट्रोला नावातलं 'ओला', यांची सांगड घालून नाव ठेवलं मोटोरोला. पुढे कंपनीचंच ते नाव झालं.

किंमत बसवण्यासकट साधारण 110 ते 130 डॉलर. त्या वेळी फोर्डची साधी मॉडेल ए गाडी पाचशे डॉलरच्या आसपास मिळायची. म्हणजे गाडीच्या पाव किमतीचा रेडिओ! शिवाय बसवणं हे एक ऑपरेशनच. गाडीचं छत उघडून कापडाखाली अँटेनाची तार पसरायची, पायाखालच्या फळ्यांना भोकं पाडून खाली रेडिओच्या वेगळ्या बॅटऱ्या ठेवायच्या. रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह. त्यांना लागणारा दाब गाडीच्या सहा व्होल्टच्या बॅटरीत कुठून यायचा? वरून स्पार्क प्लगची प्रत्येक ठिणगी म्हणजे विजेचं एक छोटंसं वादळ, ते रेडिओत तडतडायचं. गाणं ऐकायचं तर आधी इंजिनाला गप्प करायला हवं, ही खरी अडचण होती. प्लगच्या वाटेत रोधक बसवून तिच्यावर उपाय झाला.

युरोपात 1932 साली ब्लाऊपुंक्टनं ऑटोसुपर एएस 5 काढला. वजन सुमारे 15 किलो, किंमत 465 मार्क, म्हणजे एका छोट्या गाडीच्या किमतीच्या जवळजवळ एक तृतीयांश. ब्लाऊपुंक्ट म्हणजे निळा ठिपका. बर्लिनची ही कंपनी आधी कानाला लावायचे हेडफोन विकायची. तपासून पास झालेल्या प्रत्येक जोडीवर निळा ठिपका चिकटवायची. गिऱ्हाईक दुकानात जाऊन ठिपकाच मागू लागलं, म्हणून तेच नाव झालं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गाडीत रेडिओ असावा का, यावरही तेव्हा वाद झाला. चालकाचं लक्ष उडेल म्हणून अमेरिकेत काही ठिकाणी बंदीचे प्रस्ताव आले. आज मोबाइलबद्दल आपण बोलतो तसंच.

यापुढची तीस वर्षं झरझर सांगतो. 1955 मध्ये फिल्कोनं क्रायस्लरसाठी पूर्ण ट्रान्झिस्टरचा रेडिओ केला आणि व्हॉल्व्हचं ओझं गेलं. 1956 मध्ये क्रायस्लरनंच गाडीत चक्क तबकडी वाजवणारं यंत्र दिलं. वेग मिनिटाला 16⅔ फेरे आणि त्या यंत्राच्या खास तबकड्या. फार टिकलं नाही. मग फोर्डनं 1966 च्या गाड्यांत आठ पट्ट्यांची मोठी कार्ट्रिज आणली. आपल्याकडे ती क्वचितच कोणी पाहिली असेल.

आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. इथे रेडिओ ऐकायचा तर पोस्टातून परवाना काढावा लागे, आणि ही पद्धत 1980 च्या दशकापर्यंत चालली. 1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे कैवारी. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. परिणाम काय? अख्खा देश रेडिओ सिलोनकडे वळला. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांचा हेतू आम्ही वाईट म्हणणार नाही. पण बटण लोकांच्या हातात असतं, ते फिरवतात.

गाडी मात्र फार थोड्यांकडे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाटसाठी, म्हणजे पुढे जिला प्रीमियर पद्मिनी म्हणू लागले तिच्यासाठी, लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. अशी गाडी मिळाली की रेडिओ ही चैन नंतर, जमेल तशी, बाहेरून बसवायची. 14 डिसेंबर 1983 ला पहिल्या मारुती 800 ची किल्ली दिल्लीत मालकाच्या हाती आली आणि मध्यमवर्ग गाडीत बसला. त्याच सुमारास कॅसेट गल्लोगल्ली पोहोचली होती. फिलिप्सनं 1963 मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात आणलेली ही छोटी डबी: फीत 3.81 मिलिमीटर रुंद, वेग सेकंदाला 4.76 सेंटिमीटर. इतर उत्पादकांना ती करू द्यायचे पैसे फिलिप्सनं घेतले नाहीत, म्हणून ती जगभर एकाच मापाची राहिली. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकानं उत्तर भारतातल्या या कॅसेटक्रांतीवर 1993 मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. मोठ्या कंपनीनं कधी विचारलं नसतं असे गावोगावचे भजनीबुवा, शाहीर कॅसेटवर आले. आणि आमच्या आईसारख्या बायका, ज्यांना कोणीच विचारलं नसतं, त्याही आल्या. एका प्रतीत का होईना.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. आमच्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट यंत्र नाहीच. ती आहे एक भोक. 180 मिलिमीटर रुंद आणि 50 मिलिमीटर उंच. (हशा) हसू नका. जर्मनीच्या मानक संस्थेनं हे माप ठरवलं, 1984 साली ते आंतरराष्ट्रीय मानक झालं, आयएसओ 7736. दुकानदार आजही 'सिंगल डिन' म्हणतो, तो 'डिन' म्हणजे ती जर्मन संस्था. गाडी कोणाचीही असो, डॅशबोर्डमध्ये एवढा कोनाडा ठेवायचा. टेप कोणाचाही असो, तो त्यात मावला पाहिजे. देव्हाऱ्याचा कोनाडा बांधताना गवंडी मूर्ती कोणती बसणार हे विचारत नाही, तसं.

वैशेषिकांनी दोन संबंध सांगितले आहेत, संयोग आणि समवाय. पुस्तक आणि टेबल यांचा संयोग, उचललं की सुटतं. वस्त्र आणि तंतू यांचा समवाय, तिथे वेगळं करू गेलात तर वस्त्रच उरत नाही. 1930 चा मोटोरोला छतात आणि फळ्यांत इतका घुसलेला, की व्यवहारात समवायच म्हणा. 1984 च्या कोनाड्यानं गाडी आणि गाणं यांच्यात शुद्ध संयोग आणला. चार स्क्रू, एक कपलर, काम झालं. आणि गेल्या दहापंधरा वर्षांत आपण पुन्हा समवायाकडे निघालो आहोत. नव्या गाडीत एकच पडदा असतो. त्यात गाणं, त्यातच एसी, मागचा कॅमेरा, गाडीच्या सेटिंग. पडदा गेला तर कंपनीचाच घ्यायचा, ती सांगेल त्या भावानं. मिलिंद राजाला नागसेनानं विचारलं होतं, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? आजचा राजा म्हणेल, भन्ते, काहीही वेगळं करता येत नाही, वॉरंटी जाते. (हशा)

म्हणून जुन्या गाडीवाल्यांनो, तुमच्याकडे अजून कोनाडा आहे. तो जपा. आमच्याबाबत घडलं ते सांगतो.

नाना पेठेत एका दुकानात गेलो. मुलगा चांगला होता. म्हणाला, "काका, टेप आता कोण घेतं? हा सात इंची अँड्रॉइड लावा, साडेसहा हजार फिटिंगसकट." आम्ही म्हटलं, हा मावणार कसा? "थोडा डॅशबोर्ड कापावा लागेल." म्हणजे 1930 चं ऑपरेशन पुन्हा. आम्ही नको म्हटलं. मग त्यानं बावीसशेचा एक साधा दाखवला, कॅसेट नाही, सीडी नाही, फक्त रेडिओ, पेन ड्राइव्ह आणि ब्लूटूथ. खोक्यावर जर्मन वाटणारं जुनं नाव आणि 'चार गुणिले 50 वॉट'.

नावाचं आधी. निळ्या ठिपक्याचं उदाहरण घ्या. बॉश कंपनीनं तो गाडीरेडिओचा धंदा 2008-09 च्या सुमारास विकला, आता ते नाव परवान्यावर वेगवेगळे उत्पादक वापरतात. माल वाईटच असेल असं नाही. पण ठिपका लावणारा आता तोच माणूस नाही. तेव्हा नावाचे जास्त पैसे देऊ नका. वॉरंटी कोण देणार आणि तो कुठे बसतो, तेवढं विचारा.

मग वॉट. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण 14.4 व्होल्ट असतात, स्पीकर 4 ओहमचा. हिशेब मांडला तर एका स्पीकरला स्वच्छ आवाजात आदर्श स्थितीतही पंचवीस-सव्वीस वॉटच्या वर जाता येत नाही, प्रत्यक्षात वीसच्या आतबाहेर. मग 50 कुठून आले? आवाज पार फाटेपर्यंत नेला की क्षणभर येतात. मागच्या बाजूचा फ्यूज बघा. 10 अँपिअर असेल तर 10 गुणिले 14.4, म्हणजे 144 वॉट एवढीच वीज सतत आत जाऊ शकते. आत 144 आणि बाहेर 200, हे कोणत्याही दर्शनात बसत नाही. खोक्यावर 'आरएमएस' शब्द शोधा, त्यापुढचा आकडा खरा. उरलेले पैसे टेपवर घालवण्यापेक्षा स्पीकरवर घाला. सत्तावीस वर्षांचा कागदी शंकू कोणत्याही नव्या यंत्राला बेसूर करतो.

दुसऱ्या एका दुकानानं आमचं काम घाईत उरकलं, पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून टाकली. पिवळी वायर बॅटरीला कायम जोडलेली असते, घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायला. लाल किल्लीवर येते. दोन्ही पिवळीवर टाकल्या की गाडी बंद असतानाही टेप जागा. चौथ्या दिवशी सकाळी बॅटरी झोपलेली, आणि सौ.ना दवाखान्यात न्यायचं होतं. रिक्षानं गेलो. तेव्हा बसवून घेताना किल्ली काढायला सांगा आणि टेप बंद होतो का ते बघूनच पैसे द्या. वायर कापू न देता कपलर मागा, शंभर-दोनशे रुपयांत मिळतं.

आता चौदाव्या कॅसेटचं. आल्बर्ट बोर्गमान नावाचे तत्त्वज्ञ होते, जर्मनीतून अमेरिकेत गेलेले. योगायोगानं त्यांचं पुस्तकही 1984 चंच. ते म्हणतात, वस्तू आणि उपकरण यांत फरक करा. चूल ही वस्तू. तिच्याभोवती लाकडं आणणं, फुंकणं, बसणं असं सगळं घर असतं. हीटर हे उपकरण, ते फक्त ऊब देतं, बाकी सगळं लपवतं. स्टिरिओ त्यांच्या मते उपकरणच. वर्गात आम्ही हे बरीच वर्षं बिनशर्त मान्य करून शिकवलं. जुना टेप हातात घेतल्यावर मात्र शंका आली. मध्यंतरी तो टेप आम्ही तपकीर गल्लीत एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेला होता. आमच्याच वयाचा. त्यानं झाकण उघडलं, आतला रबरी पट्टा काढून दाखवला. डांबरासारखा वितळून बोटाला चिकटत होता. "सर, मोटर ठणठणीत आहे. ऐंशी रुपयांचा बेल्ट." हेडवर स्पिरिटचा बोळा फिरवला, पट्टा बदलला, बारा व्होल्टवर टेबलावरच लावला. आईचा आवाज जरा जाड आला. पट्टा किंचित सैल होता, म्हणून वेग कमी. त्यानं स्क्रू फिरवला आणि विचारलं, "आता बरोबर आहे का? हे तुम्हालाच माहीत." आम्ही डोळे मिटून ऐकलं. "थोडा अजून," म्हटलं. मग बरोबर झाला.

लपवलेलं उघडणारा माणूस गल्लीत बसलेला असेल तर उपकरण उपकरण राहतं का, हे बोर्गमानना विचारायला हवं होतं.

तिथूनच ओव्या संगणकावर उतरवून घेतल्या. अठ्ठावीस मिनिटं. कोनाड्यात आता बावीसशेचा नवा आहे, पेन ड्राइव्हवर आई आहे, "दूध बघ रे" सकट. जुना टेप फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला आहे, कारण माप तेच आहे, केव्हाही परत बसेल. सौ.चं म्हणणं, फडकं तरी चांगलं घ्यायचं होतं.

प्रश्न असतील तर विचारा. वायरचे रंग मात्र इथे विचारू नका, बाहेर चहाच्या टेबलाशी सांगतो, चित्र काढून आणलंय.