माहूर ते किनवट, जुन्या बॅटरीवर

आमच्या घराण्यात कोरी गाडी फार कमी वेळा आली. राजदूत आली ती एका ग्रामसेवकाकडून, स्कूटर आली ती नांदेडच्या एका मेडिकलवाल्याकडून, आणि काकांची ॲम्बेसेडर कितव्या हाताची होती ते आरसी बुकावरचे शिक्के मोजल्याशिवाय सांगता यायचं नाही. त्यामुळे जुनी गाडी कशी बघायची याचं शास्त्र आम्हाला पाठ आहे. सकाळी थंड इंजिन सुरू करून बघायचं. धुराचा रंग बघायचा. ऑइलची काडी बाहेर काढून बोटानं पुसायची. ओळखीचा मिस्त्री सोबत न्यायचा आणि किलोमीटरच्या आकड्यावर अजिबात विश्वास ठेवायचा नाही.

आता मावसभावानं सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं मनावर घेतलंय (नाव लिहीत नाही, घरचे वाचणारे ओळखतीलच!) आणि हे सगळं शास्त्र एका झटक्यात निकामी झालंय. धूर नाही, काडी नाही, आणि मिस्त्री म्हणतो, "मला यातलं काही कळत नाही भाऊ, लॅपटॉपवाला बोलवा."

हा भाऊ राहतो माहूरला, शिक्षक आहे किनवटकडे. जायला पन्नासेक किलोमीटर, यायला तेवढेच. आजवर एसटी झाली, काळीपिवळी झाली, मग मोटारसायकल झाली. आता पाठीच्या मणक्यानं नोटीस दिलीय. निवृत्तीला सहा वर्षं आहेत. पतसंस्थेच्या कर्जात बसेल एवढीच गाडी घ्यायची आहे, आणि नव्या गाडीचा आकडा त्यात बसत नाही. त्यानं मला एकच विचारलं, "दादा, ही बॅटरी माझ्या रिटायरमेंटपर्यंत टिकेल का?"

म्हटलं, बघूया. आणि बघता बघता लक्षात आलं की हा प्रश्न सव्वाशे वर्षांचा जुना आहे. त्याचाच हा थोडा इतिहास.

बॅटरीवरची मोटार ही काही आजची नवलाई नाही. १८९९ साली ताशी शंभर किलोमीटरचा वेग पहिल्यांदा ओलांडला तो कामीय जेनात्झी नावाच्या बेल्जियन गृहस्थानं, आणि तोही बॅटरीच्या गाडीतून. अमेरिकेच्या शहरांत त्या काळी या गाड्या चांगल्या खपत. हँडल मारायला नको, वास नाही, थरथर नाही. खुद्द हेन्री फोर्डच्या पत्नी, क्लारा फोर्ड, डेट्रॉइट इलेक्ट्रिक कंपनीची बॅटरीची गाडी चालवायच्या! नवरा पेट्रोलच्या गाड्या विकून जग बदलतोय आणि बायको त्याची गाडी घेत नाही. असो, घरोघरी मातीच्या चुली.

अडचण तेव्हाही बॅटरीचीच होती. जड, महाग, आणि किती दिवस साथ देईल याचा भरवसा नाही. यावर १९१२च्या सुमारास अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या वीज कंपनीनं मोठी शहाणपणाची युक्ती काढली: गाडी तुमची, बॅटरी आमची. गिऱ्हाइकानं बिनबॅटरीची गाडी घ्यायची आणि जेवढी चालेल तेवढे पैसे भरायचे. उतरलेली बॅटरी कंपनी बदलून देणार. ही योजना १९२४पर्यंत चालली. म्हणजे बॅटरी म्हातारी होण्याची जोखीम गाडीवाल्याच्या डोक्यावरून उचलून, ज्याला ती पेलते त्याच्या डोक्यावर ठेवली. आपल्याकडे २०२४च्या सप्टेंबरात एमजीची विंडसर आली ती याच तत्त्वावर, गाडीची किंमत वेगळी आणि बॅटरीचे किलोमीटरमागे साडेतीन रुपये वेगळे. जाहिरातीत ते अगदी नवीन कल्पना म्हणून आलं. शंभर वर्षांपूर्वीचं पिंपातलं लोणचं नव्या बरणीत, दुसरं काय.

पण त्याच १९१२ साली कॅडिलॅकनं बटणानं सुरू होणारी पेट्रोल गाडी आणली आणि हँडल मारायचा त्रास गेला. मोठी बॅटरी हरली आणि गंमत म्हणजे तिच्याच छोट्या बहिणीनं तिला हरवलं, कारण तो स्टार्टरही बॅटरीवरच चालायचा.

आपल्याकडे वीज रस्त्यावर आली ती तारेला बांधून. मुंबईत ७ मे १९०७ला विजेची ट्राम धावली, ३ फेब्रुवारी १९२५ला बोरीबंदर ते कुर्ला विजेची आगगाडी. वर तार आहे तोवर वीज, तार संपली की बैलगाडी. आमचा माहूरचा भाग तर तेव्हा निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात. निजामाच्या रेल्वेनं १९३२ साली २७ मोटारी घेऊन सरकारी बस सुरू केली ती अर्थात पेट्रोलची. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग आलं तेव्हा देशभर गाड्यांच्या मागे कोळशाच्या गॅसचे बंब बसवले गेले. लोकांना धुरानं काळं व्हायला चाललं, पण बॅटरीकडे कोणी वळलं नाही, कारण वळण्याजोगी बॅटरीच नव्हती.

पुढे १९९३ साली केरळातल्या चालकुडीच्या एका कंपनीनं जपानी मदतीनं 'लवबर्ड' नावाची दोन माणसांची बॅटरी गाडी काढली. एका चार्जमध्ये साठ किलोमीटर. ती फारशी विकली गेली नाही. मग २००१ साली बंगळूरच्या चेतन मैनींची 'रेवा'. हिच्यात शिसे-आम्लाच्या सहा व्होल्टच्या आठ बॅटऱ्या, एका चार्जमध्ये कंपनीच्या हिशेबानं ऐंशी किलोमीटर. लंडनमध्ये ही गाडी 'जी-विझ' नावानं बरीच दिसली. पुण्या-मुंबईतही कुठे कुठे दिसायची. माहूरच्या रस्त्यावर मी ती कधी पाहिली नाही, आणि त्यात नवल काही नाही.

शिसे-आम्लाची बॅटरी म्हणजे काय हे मराठवाड्याला कंपनीनं समजावून सांगायची गरज नव्हती. २००५नंतरची ती भारनियमनाची वर्षं आठवा! घरोघर इन्व्हर्टर आणि त्याच्याखाली ती काळी पेटी. महिन्याला डिस्टिल्ड वॉटर घाला, टर्मिनलवरची पांढरी बुरशी खरवडा. पहिल्या वर्षी चार तास पंखा, दुसऱ्या वर्षी तीन, तिसऱ्या उन्हाळ्यात ऐन मे महिन्यात पंखा गरगरायच्या ऐवजी कण्हायला लागायचा आणि वडील म्हणायचे, "बसली बॅटरी." ते 'बसणं' आपण सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून आजही आमच्या मावशी म्हणतात, "बॅटरीची गाडी? तीन वर्षांत बसेल." मावशी चूक बोलत नाहीत. त्यांचा अनुभव खरा आहे, फक्त तो दुसऱ्या जातीच्या बॅटरीचा आहे.

मधल्या काळात लिथियमची बॅटरी आली. महिंद्रांनी २०१०मध्ये रेवा कंपनी घेतली आणि २०१३च्या मार्चमध्ये लिथियमवरची 'ई-टू-ओ' आणली, शंभर किलोमीटरची. पण जुन्या बाजारात आज भावाच्या हाती लागतील अशा गाड्यांचा खरा उगम आहे तो २०१७ साली. केंद्र सरकारच्या ईईएसएल कंपनीनं त्या वर्षी सरकारी कार्यालयांसाठी दहा हजार इलेक्ट्रिक गाड्यांची निविदा काढली; टाटांची टिगोर आणि महिंद्रांची ई-व्हेरिटो त्यातून रस्त्यावर आल्या. आणि दुसऱ्याच वर्षी साहेब लोकांची कुरकुर छापून आली की गाडी एका चार्जला ऐंशी-ब्याऐंशी किलोमीटरच जाते. दिल्लीत ऐंशी किलोमीटर म्हणजे दिवसभराचं फिरणं झालं. माहूरहून निघालेल्या मास्तरांना ऐंशी किलोमीटर म्हणजे परतीच्या वाटेवर घर वीस किलोमीटरवर असताना रस्त्याकडेला उभं राहणं.

इथेच एक मोठी मेख आहे, आणि यासाठीच मुख्यतः हे लिहायला घेतलं. 'टिगोर ईव्ही' हे नाव एकच, पण त्या नावाखाली तीन वेगळ्या गाड्या आहेत. पहिली १६.२ युनिटच्या बॅटरीची. २०१९च्या ऑक्टोबरात आली २१.५ युनिटची, कागदावर २१३ किलोमीटर. आणि २०२१च्या ऑगस्टमध्ये आली २६ युनिटची, कागदावर ३०६. पत्रा जवळपास तोच, दिवे तेच, विकणारा तिन्हींना टिगोरच म्हणणार. पहिली स्वस्तात मिळते आणि कर्जातही आरामात बसते, म्हणून भावाचा जीव तिच्यावर गेला होता. मी म्हटलं, फुकट दिली तरी घेऊ नको. रोज शंभर किलोमीटर धावायचं असेल तर नवी असतानाही ती काठावर होती, आता तर विषयच नको.

नंबरप्लेटही बघायची. २०१८पासून इलेक्ट्रिक गाडीला हिरवी पाटी आहे; खासगी असेल तर पांढरी अक्षरं, टॅक्सी असेल तर पिवळी. पिवळ्या अक्षरांची गाडी म्हणजे ताफ्यात राबलेली, रोज फास्ट चार्जरवर लावलेली. ती वाईटच असेल असं नाही, पण बैल गाडीला जुंपलेला होता की तेलाच्या घाण्याला, हे विचारून घ्यावं.

दुसरी गोष्ट उन्हाची. निसानची 'लीफ' २०१०च्या शेवटी अमेरिकेत आली. तिच्या बॅटरीला थंड ठेवायची वेगळी सोय नव्हती. ॲरिझोनातल्या फिनिक्ससारख्या रणरणत्या शहरात दोनेक उन्हाळ्यांतच लोकांच्या डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या बारा कांड्यांतल्या कांड्या गळायला लागल्या. २०१२मध्ये त्यावरून मोठा गदारोळ झाला, आणि शेवटी कंपनीला कांड्या नऊच्या खाली गेल्या तर दुरुस्तीची हमी द्यावी लागली. जुन्या लीफचे भाव तिकडे कोसळले ते कोसळलेच. किनवटचा मे महिना ज्यानं शाळेच्या पत्र्याखाली काढलाय त्याला फिनिक्स वेगळं सांगायला नको. म्हणून आपल्याकडे २०२०च्या जानेवारीत नेक्सॉन ईव्ही आली तेव्हा तिच्या ३०.२ युनिटच्या बॅटरीभोवती थंड द्रव फिरत होता, ही मला तिच्या वेगापेक्षा मोठी गोष्ट वाटते. २०२१ची टिगोर आणि २०२२च्या सप्टेंबरात जाहीर झालेली टियागो याच घराण्यातल्या.

आता भावाचा हिशेब. वर्षाला शाळेचे दोनशे वीस दिवस धरले तर बावीस हजार किलोमीटर. सहा वर्षांत एक लाख बत्तीस हजार. या गाड्यांच्या बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. म्हणजे २०२१ची, चाळीस हजार चाललेली गाडी घेतली तर २०२९ला वर्षांनी वॉरंटी संपणार, आणि वर्षांनी नाही संपली तरी किलोमीटरनी संपेलच. शेवटची दोन-तीन वर्षं बिनछत्रीची. (२०२५मध्ये टाटांनी काही मोठ्या बॅटऱ्यांना आजीवन वॉरंटी जाहीर केली, पण ती पहिल्या मालकापुरती. आपण कायम दुसरे!)

पण बिनछत्रीची म्हणजे भिजणारच असं नव्हे. या लिथियम बॅटऱ्या इन्व्हर्टरसारख्या एका उन्हाळ्यात बसत नाहीत, हळूहळू आटतात, आडातल्या पाण्यासारख्या. आज दोनशे किलोमीटर जाणारी गाडी सहा वर्षांनी दीडशे गेली तरी भावाला शंभरच हवेत. माझं मत यावरूनच पक्कं झालं. रोजचा रस्ता ठरलेला असेल आणि बॅटरी त्याच्या दुप्पट असेल, तर आटण्याला भ्यायचं कारण नाही. नांदेड-पुणे फिरणाऱ्यानं भ्यावं.

बचतीच्या गप्पा मात्र मला जरा अति वाटतात. शंभर किलोमीटरला भिंतीतून चौदा-पंधरा युनिट खेचली जातात. महिन्याला साडेतीनशे युनिट झाली, आणि घरच्या मीटरवर तेवढी चढली की बिल वरच्या टप्प्यात जातं. तिथला दर खालच्यापेक्षा बराच जास्त. पेट्रोलपेक्षा तरीही कितीतरी स्वस्त, पण "एक रुपयात किलोमीटर" वगैरे ऐकून जमाखर्च मांडू नये. आणखी एक, २०२४च्या डिसेंबरात जुन्या इलेक्ट्रिक गाडीवर १८ टक्के जीएसटी अशी बातमी आली आणि भाऊ घाबरला. तो कर व्यापाऱ्याच्या नफ्यावर आहे. माणसाकडून माणसानं घेतली तर लागत नाही.

राहिली ऑइलच्या काडीची गोष्ट. तिला पर्याय सापडलाय, तो म्हणजे आपला घरचा मीटर. गाडीची बॅटरी वीस टक्क्यांवर आणायची, मीटरचा आकडा लिहायचा, रात्रभर शंभर टक्के होऊ द्यायची, सकाळी पुन्हा आकडा लिहायचा. २६ युनिटची बॅटरी धडधाकट असेल तर वाटेतली गळती धरून तेवीस-चोवीस युनिट गेली पाहिजेत. अठराच गेली आणि पडद्यावर शंभर टक्के दिसले, तर पाव बॅटरी आटलीय असं समजून भाव पाडायचा किंवा उठून यायचं. पडद्यावरचे टक्के आहे त्या बॅटरीचे असतात, होत्या त्या बॅटरीचे नसतात. कागदांत बॅटरी गाडीबरोबरच विकली जातेय ना, भाड्याची नाही ना, आणि उरलेली वॉरंटी दुसऱ्याच्या नावावर होते का, हे लेखी घ्यायचं.

नांदेडला एक २०२१ची, पांढऱ्या अक्षरांची गाडी ठरवलीय बघायला. मालक रात्रभर मीटरला लावू द्यायला तयार आहे. मग ती एसी लावून माहूरपर्यंत आणायची, गडाच्या वळणांवर चढवायची आणि उतरताना किती टक्के परत येतात ते टिपून ठेवायचं. नवरात्रात खासगी गाड्यांना वर सोडत नाहीत, म्हणून घटस्थापनेच्या आधीचा रविवार धरलाय. मावशीही येणार आहेत, मागच्या सीटवर.