श्रुतसेवक ब्र. जीवराजभाई दोशी आणि त्यांची ग्रंथमाला

ज्येष्ठ शुद्ध पंचमीस, म्हणजे श्रुतपंचमीच्या दिवशी, ज्यांनी आपल्या फलटणच्या मंदिरांत शास्त्रांची वेष्टने सोडून ग्रंथ उन्हाला दाखविले आहेत, त्यांच्या हाती सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेचा एखादा जाडजूड ग्रंथ आल्यावाचून राहिला नसेल. त्या ग्रंथांच्या आरंभी मालेच्या संस्थापकांचा अल्प परिचय हिंदीत छापलेला असे. पुष्कळ वाचक ते पान उलटून थेट मूळ गाथांकडे वळत. प्रस्तुत लेखात त्या पानावरच थोडे थांबावयाचे आहे.

कै. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी हे सोलापूरचे राहणारे. त्यांच्या कार्याचे मोल कळण्यासाठी आधीचा काळ ध्यानी घेतला पाहिजे. शास्त्रे छापावीत की नाहीत, हाच एके काळी आपल्या समाजात कडाक्याच्या वादाचा विषय होता. छापखान्यातील शाई, रूळ, खळ ही सारी अशुद्ध. तेथून निघालेले पुस्तक चौरंगावर कसे ठेवावे, असा श्रद्धाळू मंडळींचा प्रश्न असे, आणि तो अप्रामाणिक नव्हता. आमचे आजोबा घरी छापील पोथी आवडीने वाचीत. मंदिरात मात्र हस्तलिखितच उघडीत. सोलापुरात शेठ हिराचंद नेमचंद दोशी, कोल्हापुरात कल्लाप्पा भरमाप्पा निटवे, मुंबईत पंडित नाथूराम प्रेमी अशा धीराच्या पुरुषांनी या विरोधाला न जुमानता छपाईची वाट पाडली. त्याच वाटेने जीवराजभाई पुढे गेले. पण त्यांची रीत निराळी होती.

१९४० साली त्यांच्या मनाने घेतले की, आपली न्यायोपार्जित संपत्ती धर्माच्या व समाजाच्या उन्नतीसाठी खर्च करावी. आपल्याकडे अशा इच्छेला ठरलेल्या वाटा आहेत. मंदिराचे शिखर, पंचकल्याणिक पूजा, धर्मशाळा, संघाची यात्रा. त्यांत गैर काहीच नाही. परंतु जीवराजभाईंनी आधी देशभर हिंडून विद्वानांना विचारले, की हे धन कोणत्या कामी लावावे? कोणाचे मत समक्ष ऐकले, कोणाचे लेखी घेतले. पुढे १९४१ च्या उन्हाळ्यात नाशिकजवळच्या गजपंथा क्षेत्रावर त्यांनी विद्वानांना एकत्र बोलाविले व हाच प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. देणारा हात पुढे करण्यापूर्वी देणाऱ्याने कान पुढे करावा, हे दृश्य आपल्या समाजात तेव्हाही विरळा होते आणि आजही विरळाच आहे. त्या संमेलनाच्या विचारातून ‘जैन संस्कृति संरक्षक संघ’ स्थापन झाला आणि जीवराजभाईंनी त्यासाठी तीस हजार रुपयांचे दान जाहीर केले. पुढे परिग्रहनिवृत्ती वाढत गेली, तेव्हा १९४४ मध्ये सुमारे दोन लाखांची आपली सर्व संपत्ती त्यांनी विश्वस्तनिधीच्या रूपाने संघास अर्पण केली. आहार, औषध, अभय व शास्त्र या चार दानांपैकी शास्त्रदानाला एवढे मोठे रूप क्वचितच मिळाले असेल.

संपादनाचे काम त्यांनी डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये व डॉ. हीरालाल जैन या दोघांच्या हाती सोपविले. उपाध्ये बेळगाव जिल्ह्यातील सदलग्याचे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे प्राध्यापक. हीरालालजी त्या काळी अमरावतीस षट्खंडागमाच्या धवला टीकेच्या प्रकाशनात गढलेले. मालेचे पहिले पुष्प म्हणून यतिवृषभाचार्यांची ‘तिलोयपण्णत्ती’ निवडली, हेच धाडस होते. त्रैलोक्याचे वर्णन, पदोपदी गणित, प्राकृत गाथा, आणि लेखकांच्या हातून पाठ बिघडलेल्या पोथ्या! हस्तलिखिते जुळवायची, पाठभेद तळटीपांत नोंदवायचे, अनुवाद करवून घ्यायचा, सूच्या लावायच्या. हे काम किती जिकिरीचे असते हे करणाऱ्यालाच ठाऊक. त्यात महायुद्धाचे दिवस आणि कागदाची टंचाई. पहिला भाग १९४३ मध्ये निघाला. दुसरा निघावयास १९५१ साल उजाडले. व्यापारी वृत्तीचा प्रकाशक असता तर मधल्या आठ वर्षांत त्याने हात झाडले असते.

ग्रंथमालेने लेखकाची जात पाहिली नाही, हे ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत मुद्दाम नमूद करावेसे वाटते. सोमदेवसूरींच्या ‘यशस्तिलका’वरील इंग्रजी ग्रंथ (१९४९) आसामचे कृष्णकांत हंदिकी यांचा, त्रिविक्रमाचे प्राकृत व्याकरण (१९५४) डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले. दोघेही जैनेतर. १९५८ साली विद्याधर जोहरापूरकर यांचा ‘भट्टारक संप्रदाय’ निघाला. मूर्तिलेख व पोथ्यांच्या प्रशस्ती यांच्या आधारे भट्टारकांच्या परंपरा त्यात जुळविल्या आहेत. मूर्ती घडविणाऱ्या श्रावकांच्या ज्ञाती व गोत्रे या लेखांत येतात. हुमड, बघेरवाल, सैतवाल अशा आपल्या ज्ञातींचा खरा इतिहास ज्याला लिहावयाचा असेल, त्याने घराण्यांच्या दंतकथांआधी हे पुस्तक हाती घ्यावे.

याच काळात आपल्या फलटणचेही नाव श्रुतरक्षणाशी जोडले गेले. मूडबिद्रीच्या ताडपत्रांपैकी महाबंधाचा काही भाग कीटकांनी नष्ट केल्याचे कळताच चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांना फार खेद झाला, आणि त्यांच्या प्रेरणेने धवलादी सिद्धांतग्रंथ ताम्रपत्रांवर कोरविण्यात आले. ती ताम्रपत्रे फलटणला आली. १९५२ साली महाराजांची हीरकजयंतीही याच गावी साजरी झाली. तांब्यावर कोरलेले शास्त्र टिकते, पण ते घरोघर जात नाही. कागदावर छापलेले घरोघर जाते, पण त्याला वाळवी लागते. एका कामात भय होते ते श्रुत नष्ट होण्याचे, दुसऱ्यात ते न वाचले जाण्याचे. आमच्या मते दुसरे भय अधिक मोठे. पण ताम्रपत्रांसमोर उभे राहिल्यावर असे बोलण्यास जीभ कचरते, हेही खरे.

जीवराजभाईंनी १६ जानेवारी १९५७ रोजी समाधिमरण साधले. त्याच वर्षी डॉ. पां. भि. देसाई यांचा दक्षिण भारतातील जैनधर्मावरील ग्रंथ मालेतून प्रसिद्ध झाला. महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’ हिंदी अनुवादासह निघाला तो १९६३ मध्ये. आणि १९६० साली जुन्या मराठीतील गुणकीर्तींचे ‘धर्मामृत’ बाहेर पडले. त्या गद्यग्रंथामुळे जैनांनी मराठीत फार पूर्वीपासून लिहिले आहे, हे अभ्यासकांना मूळ पाठावरून पाहता आले. मंदिरातील कपाटात ही पुस्तके शोधताना ‘धर्मामृत’ लवकर सापडत नाही. ते अंगाने लहान असल्याने तिलोयपण्णत्तीच्या दोन भागांमागे सरकलेले असते.