दोन दप्तरांतील एकच मनुष्य

मुठेच्या कांठीं हिंगणें बुद्रुक म्हणून जें खेडें होतें तें आज कर्वेनगर या नांवानें पुणें शहराचा भाग होऊन बसलें आहे. टपालवाला त्यास एका नांवानें ओळखतो. जमिनीचे कागद पाहूं गेल्यास तेथें दुसरेंच नांव भेटतें. दोन्ही नांवें एकाच मातीचीं आहेत हें ज्यास ठाऊक आहे त्याचें कांहीं अडत नाहीं. ज्यास ठाऊक नाहीं त्याला मात्र दोन कचेऱ्यांमध्यें हेलपाटे घालावे लागतात. आज आम्ही वाचकांपुढें जो इतिहास ठेवूं इच्छितों तो अशाच एका अडचणीचा आहे. संगणकाच्या दोन भिन्न कार्यप्रणालींमध्यें एकाच मनुष्याचीं दोन खातीं असलीं, तर तीं एकाचींच होत हें यंत्रास कोणीं व कसें सांगावयाचें? विषय प्रथमदर्शनीं रुक्ष वाटेल. परंतु 'हें कोणाचें?' या प्रश्नाचें उत्तर त्यावर अवलंबून असल्यामुळें तो केवळ यंत्रविशारदांनाच सोंपवून देण्याजोगा नाहीं, असें आम्हांस वाटतें.

आपल्याकडील इतिहाससंशोधकांस ही अडचण नवी नव्हे. पेशवाईच्या कागदांत जो 'बाळाजी जनार्दन' आहे तोच लोकांच्या तोंडीं नाना फडणवीस, आणि तोच इंग्रजी ग्रंथांत 'फर्नवीस' होऊन अवतरतो. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे जे ४५ खंड प्रसिद्ध झाले, ते वाचतांना अशी नांवांची जुळणी पावलोपावलीं करावी लागते. आणि ती चुकली तर एका पुरुषाचे दोन पुरुष होतात, किंवा दोघांची कृत्यें एकाच्या पदरीं पडतात.

आणि स्त्रियांच्या बाबतींत तर आपल्या समाजानें दोन दप्तरें मुद्दामच राखलीं. रमाबाई रानडे या माहेरच्या यमुना. डॉक्टर आनंदीबाई जोशी याही माहेरच्या यमुनाच. ज्या अण्णासाहेब कर्व्यांचें नांव या उपनगरास मिळालें त्यांच्या घरींही तोच प्रकार. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस शारदासदन उघडलें तेव्हां तेथील आरंभींच्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. १८९३ सालीं कर्व्यांशीं त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई झाल्या. लोक त्यांस 'बाया' म्हणत. तीन नांवें, व्यक्ति एक. १८९६ सालीं स्थापन झालेला अनाथ बालिकाश्रम कर्व्यांनीं १९०० सालीं हिंगण्याच्या माळावर एका झोंपडींत आणला. त्याच संस्थेनें पुढें १९९१ सालीं येथेंच मुलींसाठीं अभियांत्रिकी महाविद्यालय काढलें. ज्या जागीं नांव बदललेल्या बायकांना प्रथम अक्षरओळख झाली, त्याच जागीं आज मुली संगणकशास्त्र शिकतात. खातें म्हणजे काय, हें यापुढें त्यांच्याच भाषेंत सांगावयाचें आहे.

युनिक्स ही कार्यप्रणाली अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनीं १९६९ पासून रचीत आणली व १९७१ सालीं तिची पहिली नियमपुस्तिका निघाली. तींत खातेदारांची एक साधी वही असे. तिचें नांव 'पासवर्ड' या शब्दाचें संक्षिप्त रूप. एका माणसास एक ओळ, आणि रकान्यांमध्यें अपूर्णविरामाचें चिन्ह. कालांतरानें हे रकाने सात झाले. पहिल्या रकान्यांत नांव, तिसऱ्यांत अंक. वाचकांनीं हें नीट ध्यानांत घ्यावें कीं, कागद कोणाचा हें यंत्र नांवावरून ठरवीत नाहीं, अंकावरून ठरवितें. प्रत्येक कागदावर मालक म्हणून अंकच लिहिलेला असतो. नांव हें केवळ आपल्या डोळ्यांच्या सोयीसाठीं वहींतून काढून दाखविलें जातें. शून्य हा अंक ज्याचा, तो सर्वाधिकारी. वहींतील ओळ पुसून टाका, कागद नाहींसे होत नाहींत. पण यादी मागितली तर मालकाच्या जागीं उघडा अंक दिसतो, बेवारशी मालमत्तेवर जुन्या मोजणीचा खुणेचा दगड तेवढा उरावा तसा. आणि तोच अंक उद्यां दुसऱ्यास दिला, तर पहिल्याची सारी इस्टेट न मागतां दुसऱ्याची होते.

१९९३ सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज एन्‌टी ही प्रणाली बाहेर काढली. तिनेंही नांवाहून अंकासच श्रेष्ठ मानलें. पण तिचा अंक लहानसा नव्हे, चांगली लांबलचक वंशावळ असते. त्यांत आधीं राज्याची खूण आणि शेवटीं त्या राज्यांतील व्यक्तीचा क्रमांक. मुख्य कारभाऱ्याचा शेवटचा क्रमांक ५०० ठरलेला, पाहुण्याचा ५०१, आणि सामान्य जनांची सुरुवात १००० पासून. एकदां दिलेली खूण पुन्हां दुसऱ्यास देत नाहींत. युनिक्सच्या मानानें हा नियम आम्हांस अधिक सुज्ञपणाचा वाटतो. परंतु एकाची वंशावळ दुसऱ्याच्या तीन आंकडी क्रमांकाशीं जुळावी कशी? दोघांना एकमेकांची मोडी वाचतां येत नव्हती.

त्यापूर्वींच, १९८४ च्या सुमारास, सन कंपनीनें एका यंत्रावरील कागद दुसऱ्या यंत्रावरून वाचण्याची सोय काढली होती. तिची भिस्त केवळ विश्वासावर होती. पलीकडचें यंत्र 'मी ५०१ क्रमांकाचा' असें म्हणालें कीं अलीकडचें यंत्र ५०१ चे कागद त्याच्या पुढ्यांत टाकी. दोन्ही वह्यांत ५०१ म्हणजे एकच मनुष्य असेल तर ठीक. नसेल तर गोविंदाचीं पत्रें गोपाळानें वाचावीं! शून्याच्या बाबतींत मात्र इतका भाबडेपणा परवडण्याजोगा नव्हता, म्हणून बाहेरून आलेल्या सर्वाधिकाऱ्यास 'नोबडी', म्हणजे 'कोणी नव्हे', या नांवाच्या खात्यावर उतरवून घेण्याचा रिवाज पडला. ज्याचा पत्ता लागत नाहीं त्यासही पुढें हेंच नांव मिळूं लागलें. आपल्या यंत्रावर आपलेपणानें वावरणारा मनुष्य शेजारच्या यंत्राच्या उंबरठ्यावर पाय ठेवतांच 'कोणी नव्हे' होतो, ही गोष्ट विनोदाची खरी. पण ज्याचें काम त्यामुळें अडतें त्यास हंसूं येत नाहीं.

दोन प्रणालींमधील दुभाष्याचें काम प्रथम ऑस्ट्रेलियांतील कॅनबेरा येथील एका विद्यार्थ्यानें अंगावर घेतलें. अँड्र्यू ट्रिजेल याचें नांव. १९९१-९२ च्या सुमारास, तारेवरून जाणारे संदेश न्याहाळून त्यानें पलीकडची भाषा उकलली, आणि पुढें 'सांबा' या नांवानें प्रसिद्ध झालेली आज्ञावली रचली. (हें नांव त्यानें एस्, एम्, बी हीं तीन अक्षरें ज्यांत ओळीनें येतात असे शब्द शब्दकोशांतून चाळून काढून निवडलें. नांवावर इतका कमी वेळ खर्च करणारा मनुष्य नांवांची जुळणी मात्र बारकाईनें करतो, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.) सांबामध्यें जुळणीची एक साधी फाईल असते: डावीकडे युनिक्सचें नांव, मध्यें बरोबरीचें चिन्ह, उजवीकडे त्याच माणसाचीं विंडोजमधील एक वा अनेक नांवें. पण तीत एक मेख आहे. यंत्र ही फाईल शेवटपर्यंत वाचतें. एका ओळीनें बदललेलें नांव खालच्या ओळीनें पुन्हां बदलूं शकतें. तसें होऊं नये म्हणून ओळीच्या आरंभीं उद्गारचिन्ह द्यावें लागतें. तें विसरल्यास सामान्य कारकून भलत्याच पदावर जाऊन बसण्याची भीति!

हजारों खातेदारांच्या संस्थेंत अशी वही हातानें लिहिणें अशक्य, म्हणून सांबाच्या पुढील आवृत्त्यांत 'विनबाइंड' नांवाचा कारकून आला. जो प्रथम येईल त्यास तो ठराविक टप्प्यांतील पुढचा मोकळा क्रमांक देई व तशी नोंद आपल्या खतावणींत करी. ही खतावणी एका यंत्रापुरती. दुसऱ्या यंत्रावर लोक निराळ्या क्रमानें आले कीं त्यांचे क्रमांक निराळे. आणि खतावणी हरवली तर कोणता कागद कोणाचा हें सांगणारें कोणी उरत नसे. म्हणून पुढें दुसरी रीत निघाली: वंशावळींतील शेवटच्या क्रमांकांत एक ठरीव संख्या मिळवून युनिक्सचा क्रमांक काढावयाचा. गणितास वही लागत नाहीं, व तें प्रत्येक यंत्रावर एकच उत्तर देतें. पण गणितास अपवाद कळत नाहींत हेंही तितकेंच खरें.

मायक्रोसॉफ्टनेंही १९९९ पासून युनिक्सशीं सलोख्याचें एक स्वतंत्र साहित्य विकावयास काढलें, व २००४ च्या आवृत्तीपासून तें फुकट देऊं लागली. त्यांत 'मॅपअ‍ॅडमिन' नांवाची आज्ञा होती. खिडक्या उघडून उंदरानें टिचक्या मारीत बसण्यापेक्षां काळ्या पडद्यावर एक ओळ लिहावयाची: अमुक विंडोजचें नांव, तमुक युनिक्सचें नांव, यांची गांठ घाल. दुसऱ्या आज्ञेनें सर्व गांठींची यादी निघे, तिसरीनें एखादी सुटे. आम्ही स्वतः या पद्धतीचे पक्षपाती आहों, आणि त्याचें कारण इतिहासकाराचें आहे. टिचकीचा मागमूस राहत नाहीं. लिहिलेली आज्ञा कीर्दींतल्या ओळीसारखी जपून ठेवतां येते, दुसऱ्यास वाचून दाखवितां येते, आणि दोनशें माणसांसाठीं दोनशें ओळी एकदांच तपासून चालवितां येतात.

या साहित्यांत जुळणीचे दोन प्रकार होते. 'साधी जुळणी' म्हणजे दोन्हीकडे नांव अक्षरशः एकच असेल तर यंत्रानें आपण होऊन गांठ घालावी. नांवें निराळीं असतील तेथें माणसानें आज्ञा लिहून ती घालावी. अनेक विंडोज खातीं एका युनिक्स खात्याशीं बांधतां येत. त्यांपैकीं मुख्य कोणतें हेंही सांगून ठेवावें लागे. आतां लग्नानंतर एका कचेरींत जिचें आडनांव बदललें व दुसरींत राहून गेलें अशा एखाद्या प्राध्यापिकेचा विचार करा. साध्या जुळणींतून ती अलगद गळते. नुसतें नांव बदलण्याची आज्ञा दिली तर दोन्ही प्रणालींत तिचा क्रमांक तोच राहतो, कागद तिचेच राहतात, आणि नव्या नांवाची एक गांठ हातानें घातली कीं काम भागतें. पण पुष्कळ ठिकाणीं घाईचा कारकून जुनें खातें पुसून नव्या नांवाचें नवें उघडतो. तो त्यास सुधारणा समजतो! त्याक्षणीं तिचे वर्षानुवर्षांचे टिपणवजा लेख, विद्यार्थिनींचे प्रबंध, पत्रव्यवहार हें सर्व एका जुन्या क्रमांकाच्या नांवें पडून राहतें, आणि नवी बाई स्वतःच्याच दाराशीं 'कोणी नव्हे' होऊन उभी राहते.

पुढील सुधारणांचा ओघ या वह्या एका मध्यवर्ती दप्तरांत आणण्याकडे आहे. १९९८ च्या एका ठरावानें युनिक्सचे क्रमांक अशा दप्तरांत कोणत्या रकान्यांत लिहावे हें निश्चित झालें; मायक्रोसॉफ्टनें २००० सालच्या आपल्या मध्यवर्ती दप्तरांत तसे रकाने कांहीं वर्षांनीं सामावून घेतले. सनच्या जुन्या सोयीच्या चौथ्या आवृत्तीनें तर क्रमांक सोडून 'अमुक राज्यांतील अमुक' असें पूर्ण नांवच तारेवरून पाठविण्याचें ठरविलें. मॅपअ‍ॅडमिनची ती नांवजुळणीची पेढी मायक्रोसॉफ्टनें पुढें बंद केली. जेथें मध्यवर्ती दप्तर नाहीं तेथें विंडोज सर्व्हर २०१२ मध्यें दुसरी एक सोय आहे: प्रणालीच्या एका आंतल्या कप्प्यांत एक साधी फाईल ठेवावयाची, तिच्या पहिल्या रकान्यांत विंडोजमधील नांव, तिसऱ्यांत युनिक्सचा क्रमांक, एकूण रकाने सात, मध्यें अपूर्णविरामाचें चिन्ह.