पुण्याच्या गाडीतला हिवाळा

नारायण पेठेच्या बोळात जुनी मर्सिडीज शिरली की लोक तिच्यावरची चांदणी पाहतात. मी पाहतो गिअरच्या दांड्याजवळचा लहानसा खटका. त्यावर दोनच अक्षरे असतात, एस आणि डब्ल्यू. एस म्हणजे स्टँडर्ड, नेहमीचे. डब्ल्यू म्हणजे विंटर! आता पुण्याचा हिवाळा तो कसला, स्वेटरपुरता.

१९९४ साली या जर्मन कंपनीने टेल्कोशी भागीदारी केली आणि १९९५ पासून पिंपरीत ई-क्लास जोडली जाऊ लागली. (कारखाना चाकणला गेला तो २००९ साली.) १९९६ साली जर्मनीत पाच गिअरचा इलेक्ट्रॉनिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स निघाला, पुढे तो या खटक्यासकट इथे आला.

खटका दाबल्याने इंजिनाची ताकद बदलते, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. या गिअरबॉक्सचा पहिला गिअर इंजिनाचा फिरवण्याचा जोर साडेतीन ते चार पट करतो, दुसरा सव्वादोन ते अडीच पट. बर्फावर जोर जास्त झाला की चाक जागीच गरगरते. म्हणून डब्ल्यूवर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उठते. मागे घेतानाही सौम्य गिअर लागतो. आपल्या पावसाळी चिखलातही हेच उपयोगी.

पुढच्या मॉडेलांत हिवाळा पुसला गेला. डब्ल्यूच्या जागी सी आले, म्हणजे कम्फर्ट. एसचा स्पोर्ट झाला. मला जुने नाव अधिक प्रामाणिक वाटते, त्यात निदान रस्ता दिसत होता. सीवरही गाडी उठते ती दुसऱ्याच गिअरमध्ये.