घोडे किती, ओढ किती?

दिवाळी अंकात ट्रॅक्टरचे काय काम, असे कोणी विचारील. चकली-करंजीच्या ताटाशेजारी वाचावयाच्या पानांना डिझेलचा वास कशाला? पण मी ज्या घरात वाढलो त्या घरात हा वास उदबत्तीइतकाच ओळखीचा होता. आमचे घर कांदिवलीचे. वडील तिथल्या ट्रॅक्टरच्या कारखान्यात फिटर होते. ते संध्याकाळी जिना चढू लागले की त्या वासावरूनच आम्ही मुले त्यांना ओळखत असू. मी पुढे मास्तर झालो, कादंबऱ्या लिहू लागलो. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि यंत्राचे तर मुळीच नाही. तरी गेल्या वर्षी मामांच्या गावी एक प्रकार घडला आणि इतिहासाच्या मास्तरावर यंत्राचा इतिहास चाळण्याची पाळी आली.

मामांचे गाव सांगली जिल्ह्यात, वाळवे तालुक्यात. आजोबांनी १९७१ साली घेतलेला बी-२७५ ट्रॅक्टर त्यांनी अजून जिवापाड जपला आहे. गेल्या वर्षी जत्रेत जुन्या ट्रॅक्टरांची ओढीची शर्यत ठरली. दगडांनी भरलेली ट्रॉली जो लांब नेईल तो पहिला. माझ्या मामेभावाच्या अंगात वारे शिरले. त्याने ट्रॅक्टर एका मेकॅनिककडे नेला. त्या गृहस्थाने डिझेलच्या पंपाचे सील तोडले, आतला स्क्रू पिळला आणि इंजिनाला जास्त तेल पाजले. ट्रॅक्टर घरी आला तो धुराचा काळा लोट सोडीतच. मामांना कोण आनंद! "दाजी, धूर बघा की! केवढा जोर आलाय!" असे त्यांनी फोनवरून वडिलांना कळवले. वडील एवढेच म्हणाले, "तो जोर नव्हे. तुमचे न जळलेले डिझेल आहे ते."

शर्यतीत ट्रॉली थोडी हलली, मागची चाके जागच्या जागी फिरली आणि ट्रॅक्टरने पुढची चाके घोड्यासारखी उचलली. भावाने वेळीच क्लच दाबला म्हणून आज त्याच्या घरी फराळ होतो आहे. पुढे पंधरा दिवसांत पाणी उकळू लागले, आणि एक पिस्टन कामातून गेला.

शक्ती तर वाढवली होती. मग ती गेली कुठे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी थेट जेम्स वॉटपर्यंत जाऊन पोहोचलो. अठराव्या शतकाच्या अखेरीस वॉटला आपली वाफेची इंजिने विकावयाची होती, आणि गिऱ्हाईक विचारी, हे किती घोड्यांचे काम करील? तेव्हा त्याने हिशेब बांधून दिला: ३३,००० पौंड वजन एका मिनिटात एक फूट उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. घोडे यंत्रात शिरले ते असे. पण घोडा आपल्या पायांनी जमीन धरतो. यंत्राला ती कशाने धरावयाची, हे या हिशेबात नव्हते.

आपल्याकडे हा प्रश्न बैलांच्या रूपाने आला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर केला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. काळ्या रानात खोल नांगरट करावयाची तर सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपावे लागत. बैल वाढवले की ओढ वाढते, कारण प्रत्येक बैलाबरोबर चार पाय आणि एका देहाचे वजनही येते. इंजिनाचे तसे नाही. त्याच्या घोड्यांना पाय नसतात.

अमेरिकेतील शेतकऱ्यांना हे ठेच लागून कळले. जाहिरातीत वाटेल ते आकडे देणारे ट्रॅक्टर इतके झाले, की नेब्रास्का राज्याने १९१९ साली कायदाच केला: तपासणी झाल्याखेरीज राज्यात ट्रॅक्टर विकावयाचा नाही. १९२० पासून तपासण्या सुरू झाल्या. पट्ट्यावर गिरणी फिरवताना मिळणारी शक्ती वेगळी मोजली जाई आणि मागे ओझे बांधून मिळणारी वेगळी. त्या काळी इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या एका ट्रॅक्टरचे नावच '१०-२०' असे होते. पट्ट्यावर वीस घोडे, ओढीला दहा! निम्मे घोडे मातीत आणि चाकांत हरवतात, हे त्या कंपनीने नावातच कबूल केले होते.

हीच कंपनी पुढे आमच्या कांदिवलीला आली. १९६३ साली महिंद्र, व्होल्टास आणि ती, अशा तिघांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन केली, आणि १९६५ पासून बी-२७५ बाहेर पडू लागला. मूळचा हा इंग्लंडमधील डॉंकास्टरचा. चार सिलिंडर आणि ३५ अश्वशक्ती. त्याआधी १९४९ मध्ये मध्य भारतातील कांस गवताने व्यापलेल्या जमिनी मोकळ्या करण्यास परदेशी ट्रॅक्टर घ्यावे म्हणून जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचे कर्ज काढावे लागले होते. ज्या देशाने ट्रॅक्टरसाठी कर्ज काढले, त्याच देशाचे ट्रॅक्टर आमच्या लोकलच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर तयार होऊ लागले. वडील तिथे १९६८ साली, विसाव्या वर्षी लागले. १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. वडिलांचा पाना मात्र तोच राहिला.

आता मामांच्या पंपाकडे वळू. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीत आपले इंजिन यशस्वी करून दाखवले. त्यात ठिणगी नाही. हवा इतकी दाबावयाची की ती तापून लाल व्हावी, आणि मग तेलाचा फवारा सोडावयाचा. तो आपोआप पेटतो. म्हणजे आधी हवा, मग तेल. एक भाग डिझेल पुरते जाळण्यास वजनाने सुमारे पंधरा भाग हवा लागते. बी-२७५ चे पोट १४४ घन इंचांचे, म्हणजे सव्वादोन लिटरहून थोडे अधिक. दोन फेऱ्यांत त्याहून जास्त हवा त्याला घेता येत नाही. पंप पिळून तेल वाढवले, हवा वाढली नाही. उरलेले तेल धूर झाले, उष्णता वाढली, पिस्टन जळाला. जास्त हवा कोंबण्याची युक्तीही आहे. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूशीने १९०५ सालीच धुराच्या जोरावर हवा दाबण्याचे पेटंट घेतले, तोच आजचा टर्बो. पण अर्धशतक चाललेल्या बेअरिंगांवर आणि हेडवर तो भार टाकणे म्हणजे सत्तरीच्या आजोबांना कुस्तीत उतरवणे.

नादुरुस्तीची बातमी कळताच वडील म्हणाले, "चल, गावाला जाऊ." निवृत्तीनंतर खिडकीशी बसून राहणारे हे गृहस्थ, त्या दिवशी पिशवी भरताना त्यांचे हात थरथरत नव्हते.

त्यांनी काय केले ते सांगतो. प्रथम हवेची गाळणी उघडली. आतल्या तेलाचा चिखल झाला होता. "बारा वर्षे हा नाक दाबून धावतोय," ते म्हणाले. नवा पिस्टन, नव्या रिंगा घातल्या, व्हॉल्व्ह घासून बसवले, टॅपेटची फट मोजली. नोझल आणि पंप जिल्ह्याच्या ठिकाणी यंत्रावर तपासून, मूळच्या मापावर आणून, पुन्हा सील करून घेतला. नवे घोडे एकही घातले नाहीत; हरवलेले पस्तीस तेवढे गोळा केले.

मग ते चाकांकडे वळले. १९३२ साली अमेरिकेत अ‍ॅलिस-चामर्स कंपनीने ट्रॅक्टरला हवेचे रबरी टायर दिले, तेव्हापासून पकड हा वजनाचा आणि रबराचा प्रश्न झाला आहे. शेतातल्या मातीत मागच्या चाकांवरील वजनाच्या साधारण निम्मी ओढ मिळते. इंजिन कितीही मोठे असो. वडिलांनी मागच्या टायरांत पाणी भरवले, पुढे बिडाची वजने टांगली. शेवटी साखळी पाहिली. ती शर्यतीत वर, आसाच्या उंचीला बांधली होती. वडिलांचा आवाज एकदम चढला. "ओढ आसाच्या वर बांधली की ट्रॅक्टर मागे उलटतो. माणसाला उडी मारायलासुद्धा वेळ मिळत नाही!" साखळी त्यांनी स्वतः खालच्या पट्टीला अडकवली. भाऊ मान खाली घालून उभा होता.

अमेरिकेत १९२९ पासून अशा ओढीच्या शर्यती होतात. तिथली घसरगाडी मोठी चतुर: ट्रॅक्टर पुढे जाईल तसे तिचे वजन त्याच्याकडे सरकते आणि ओझे वाढत जाते. तिथे नियम असतात. आपल्याकडे पंजाबात २०२३ साली ट्रॅक्टरवरच्या कसरतीत एक तरुण गेला, आणि सरकारला अशा कसरतींवर बंदी घालावी लागली.

यंदा जत्रेत आमचा ट्रॅक्टर उतरला नाही. पण गळिताच्या दिवसांत शेजाऱ्याची उसाची ट्रॉली पाणंदीत रुतली, तेव्हा मामांनी बी-२७५ नेला. खालचा गिअर टाकला, रेस न मारता हळूहळू क्लच सोडला. चाके फिरली नाहीत, पुढचे तोंड उचलले नाही, धूर जेमतेम राखाडी. ट्रॉली चिखलातून निघाली.

वडील बांधावर बसून पाहत होते. मी विचारले, "बाबा, हा तुमच्या हातून गेलेला असेल का हो?"

"काय सांगावे," ते म्हणाले, "त्या वर्षी मी तिथे होतो खरा." आणि उठून त्यांनी त्या गरम बॉनेटवर हात ठेवला.